रॅमच्या दोन पट्ट्या आणि तात्यांचा आवाज

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. बायकोला एकदा सांगितली, पण माझा भाग गाळून. ती गेली तेव्हा तिला खरं काय ते माहीत नव्हतं. मुलांना एवढंच ठाऊक आहे की सांगलीत आपल्या वडिलांची गाणी रेकॉर्ड करायची खोली होती आणि ती चालेना म्हणून त्यांनी बंद केली. खोली चांगली चालत होती. मी ती भीतीनं बंद केली.

मध्यंतरी सुनेनं मला एक प्रश्न विचारला. ती घरी बसून मुलींना गाणं शिकवते आणि स्वतःच्या चाली कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करते. तानपुरा, तबला आणि आवाज एकत्र लावले की तिची मशीन अडखळायची. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पूर्वी हेच काम करायचात ना? रॅम वाढवली तर हे अडखळणं थांबेल का?"

मला उत्तर येत होतं. पण हातातला चहा तसाच ठेवून मी उठलो. गच्चीवर जाऊन बसलो. तिला वाटलं ब्लडप्रेशर वाढलं. तिनं मशीन लावून तपासलं, ते ठीक होतं. तिला उत्तर द्यायचं तर आधी तात्यांबद्दल सांगावं लागेल, म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा लोणंदजवळचा. फौजेत सिग्नलमध्ये होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या कुणालाही लोक मेजर म्हणतात, तसा मीही मेजर झालो. बायकोचं माहेर सांगलीचं, म्हणून तिकडं बिऱ्हाड केलं. तारा, माईक, टेप यांत हात बसलेला होता. एका हळदीच्या अडत दुकानावरची माडी भाड्यानं घेतली, भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकले, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. खाली दिवसभर हळदीची पोती चढत-उतरत. माईकच्या जाळीवर पिवळी धूळ बसायची. गाणारे खोकायचे आणि हसायचे.

सुरुवातीला सगळं काम कॅसेटवर होतं. शाळांची स्वागतगीतं, बँडवाल्यांच्या नमुन्याच्या टेपा, निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कॉम्प्युटर घेतला. त्यात आवाज वेगळा, पेटी वेगळी, ढोलकी वेगळी अशी साठवता यायची आणि मग प्रत्येक गोष्ट कमी-जास्त करून एकत्र बांधता यायची. कॅसेटची ती सूं-सूं त्यात नव्हती. मला त्याचा फार अभिमान होता. कुणी कॅसेटवर रेकॉर्ड करून द्या म्हटलं की मी म्हणायचो, ते दिवस गेले आता.

तात्या पलूसजवळच्या एका गावात बौद्धवस्तीत राहायचे. साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. साऱ्या वस्तीचे ते तात्याच होते, म्हणून माझेही तात्या. जयंतीला, लग्नाला, गृहप्रवेशाला, मयतीला, वस्तीत जे काही होईल तिथं वंदना आणि गाणी त्यांचीच. गाणी ते स्वतः रचायचे. आवाज जरा जाड होता, पण सूर लागला की माणूस हातातलं काम ठेवायचा. खालच्या अडत दुकानातले हमाल त्यांचं गाणं सुरू झालं की जिन्यात येऊन बसत.

ते पहिल्यांदा माझ्याकडं आले तेव्हा बरोबर त्यांची बायको होती. मी त्यांना वहिनी म्हणत असे. तात्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं की गळ्यात गाठ निघाली आहे, मिरजेला ऑपरेशन आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे त्यानंतर आवाज नाही. बोलणंही नाही. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. तात्यांना लेकीच्या लग्नाची काळजी होती. लग्न ऑपरेशननंतर दोन-अडीच महिन्यांनी ठरलेलं. वस्तीतल्या प्रत्येक पोरीला त्यांनी आपल्या गाण्यानं सासरी पाठवलं होतं, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी ते मुके राहणार होते.

"मेजर, गाणं लिवलंय. माजं मी म्हणून ठिवतो, तवा तुमी वाजवा," ते म्हणाले. "पोरीला वाटलं पायजे, बा उबा हाय न् म्हणतोय."

मी हो म्हटलं. पैशाचं बोलणं मी काढू दिलं नाही, आणि त्याचंही मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी आवाजाची पट्टी आणि माईक ठरवण्यात वेळ गेला. जुन्या सवयीनं मी शेजारचा कॅसेट डेकही चालू ठेवला होता. माईक किती लांब ठेवायचा याचा अंदाज मला त्यावर चटकन यायचा. त्या कॅसेटवर तात्या बोलताहेत, पेटीवाल्याची थट्टा करताहेत, गाण्याच्या पहिल्या ओळी गुणगुणताहेत, खोकून हसताहेत. त्या दिवशीचं खरं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर होतं, आणि ही कॅसेट मी काम झाल्यावर पुसायची म्हणून बाजूला टाकली.

पुढचे काही दिवस तात्या येत राहिले. एका ओळीला घसा बसायचा, मग पाणी, मग थांबणं, मग परत. मी मुद्दाम प्रत्येक वेळचं वेगळं ठेवलं, त्यातलं उत्तम ते निवडता यावं म्हणून. आवाज, पेटी, ढोलकी, मागं म्हणणाऱ्या बायका. जसजसं सामान वाढत गेलं तसतशी मशीन धापा टाकायला लागली. सगळं एकत्र वाजवलं की मध्येच आवाज तुटायचा, जरा थांबायचा आणि पुढून सुरू व्हायचा. आत डिस्क खरखर करत राहायची.

तात्या ते ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "मेजर, ह्यो डबा माज्या गळ्यापरीस लय अडाकतोय की. ह्येचंबी आप्रेशन करून घ्या मिरजंला."

सगळे हसले. मीही हसलो. ज्याच्याकडं आवाजाचे मोजकेच दिवस उरलेत अशा माणसाचं सगळं मी या एका डब्यात भरत होतो. डबा बंद पडला तर काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेला नाही. जेवताना यायचा. रस्त्यानं जाताना यायचा. फौजेत मी बर्फात खांबांवर चढून तारा जोडल्या आहेत, भीती काय ते मला माहीत आहे. पण ती भीती स्वतःच्या जिवाची होती, आणि ती ओसरायची.

शेवटची ओळ रेकॉर्ड झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मिरजेला दाखल झाले. ऑपरेशनला अजून आठवडाभर अवकाश होता, तपासण्या चालणार होत्या. मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त जा, मी गाणं सजवून ठेवतो.

त्याच वेळी मी ते सगळं कॅसेटवर उतरवून ठेवू शकलो असतो. तुटक तर तुटक. एकेक आवाज वेगळा वाजवला तर तो तुटत नव्हता, म्हणजे तात्यांचा नुसता आवाज सहज उतरला असता. दुपारभराचं काम. पण मला तो सूं-सूं आवाज तात्यांच्या गळ्यावर नको होता. आधी नीट बांधू, मग एकदाच सुरेख उतरवू, असं मी ठरवलं.

आणि मशीनच्या अडखळण्यावर मला एकच औषध दिसत होतं. त्या दिवसांत कॉम्प्युटर जाणणारा जो तो हेच सांगायचा: मेमरी वाढवा, सगळं पळायला लागेल. पुण्यामुंबईकडचे लोकही हेच म्हणत. माझ्या मशीनमध्ये रॅम थोडी होती, हे खरंच होतं.

सुनेला जे सांगायचं ते इथंच सांगतो. रॅम म्हणजे अडत दुकानातला सौद्याचा ओटा. डिस्क म्हणजे हळदीचं पेव, जमिनीतलं कोठार. ओटा लहान असला की माणसाला थोडा माल काढायचा, थोडा परत ठेवायचा, अशा सारख्या फेऱ्या माराव्या लागतात. ओटा मोठा केला की त्या फेऱ्या थांबतात आणि काम पळतं. पण ओटा पुरेसा झाल्यावर तो आणखी कितीही वाढवला तरी पेवातून माल काढणाऱ्याचा हात काही जलद होत नाही. गाण्याच्या कामात चार-सहा आवाज एकदम पेवातून काढायचे असतात. माझी अडचण निम्मी ओट्याची होती आणि निम्मी पेवाची. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी सगळा दोष ओट्यावर टाकला होता.

नवी रॅम मागवायची तर दिवस जाणार होते. माझा भाचा शिरवळला एका कारखान्यात होता. त्याच्या ऑफिसातल्या मशीन बदलल्या होत्या आणि जुन्यांमधल्या रॅमच्या पट्ट्या कपाटात पडल्या होत्या. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तो मला भेटला. रुमालात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या त्यानं खिशातून काढून दिल्या.

"चांगल्या हायत ना रं?" मी विचारलं.

"साहेबाच्या मशीनीतल्या हायत, मामा," तो म्हणाला. "मशीन बंद पडायची सारखी, म्हणून बदलली. पट्ट्यांना काय हुतंय?"

हे वाक्य मी ऐकलं. मशीन बंद पडायची सारखी. सांगलीला परत येताना एसटीत ते दोन-तीनदा मनात आलंही. पण हातात औषध आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन उघडली. जुन्या पट्ट्यांशेजारी नव्या बसवल्या. मशीन चालू केली. तेव्हाच्या मशीन सुरू होताना पडद्यावर आपली मेमरी मोजून दाखवत. आकडा वाढत वाढत गेला आणि पूर्ण झाला. मी त्याकडं हजेरीसारखं बघत होतो. हजेरी पुरी म्हणजे पलटण ठीक, ही वीस वर्षांची सवय. सगळे उभे आहेत म्हणजे सगळे निरोगी आहेत असं नसतं, हे तेव्हा मला सुचलं नाही.

मशीन खरंच पळाली. जो पडदा उघडायला आधी चहा पिऊन व्हायचा, तो लगेच उघडला. मला रडू येईल की काय असं वाटलं. मग मी सगळं गाणं एकत्र लावलं, आणि ते पुन्हा तुटलं. कमी तुटलं, पण तुटलं.

आता अडखळतंय ते डिस्कमुळं, हे मला तेव्हा कळलं. आणि डिस्कवरचा माल पसरलेला आहे, तो ओळीत लावला तर वाचणं सोपं जाईल, हेही मला माहीत होतं. त्यासाठी मशीनमध्येच सोय होती. ती चालवली की पडद्यावर रंगीत चौकोन दिसत, आणि विखुरलेले चौकोन एकेक करून उचलून रांगेत लावले जात. माझ्या माहितीतला दुसरा कुणी असता तर त्यानं नव्या पट्ट्या बसवल्या दिवशीच हे केलं नसतं. पट्ट्या नीट चालतात का ते काही दिवस बघितलं असतं. पण मला पसारा बघवत नाही. फौजेत कोणतंही मोठं काम करायच्या आधी सगळं सामान बाहेर काढून, पुसून, ओळीत मांडायचं, तेव्हाच कामाला हात लावायचा. मी तेच केलं.

खुर्ची ओढून बसलो आणि चौकोन बघत राहिलो. एकेक चौकोन उचलला जात होता, रॅममधून जात होता आणि नव्या जागी लिहिला जात होता. पडद्याच्या वरच्या बाजूला रांग वाढत होती, परेडसारखी सरळ. खाली हमालांची हाकाटी चालली होती. त्या दुपारी मला फार दिवसांनी शांत वाटलं होतं. मी माझ्या हातानं तात्यांचा आवाज एका किडलेल्या पट्टीतून गाळून काढत होतो आणि कौतुकानं बघत होतो.

सकाळी मी गाणं लावलं. सुरुवातीची पेटी ठीक वाटली. मग तात्यांचा आवाज आला, आणि त्यावर कट्ट झालं. परत कट्ट. मग तेलात पाणी पडावं तसं तडतड. मी वायर हलवून बघितली, स्पीकर बदलला. दुसरं रेकॉर्डिंग लावलं, तिसरं लावलं. सगळीकडं तेच. काही ठिकाणी शब्दाचा मधला भागच नाहीसा झालेला. गाण्यात एके ठिकाणी तात्या लेकीला हाक मारतात, ती हाक फाटून करवतीसारखी आली.

पट्ट्या काढून टाकल्या, तरी ते तसंच. जे बिघडून लिहिलं गेलं होतं ते आता कायमचं बिघडलेलं होतं. नंतर मी पट्ट्या पुन्हा एकेक लावून बघितल्या. त्यातली एक, मशीन तापली की चुकायची. मशीन गार असताना तिची हजेरी बरोबर लागत होती.

पण अजून वेळ होता. हेच मला गेली इतकी वर्षं झोपू देत नाही. ऑपरेशन परवावर होतं. मिरज माझ्या खोलीपासून किती लांब? बसनं अर्धा तास. तात्या तिथं होते, गळा अजून जागेवर होता. मी छोटा टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट पिशवीत घातली आणि मिरजेला गेलो. वाटेत ठरवून ठेवलं, काय बोलायचं ते. तात्या, चूक झाली, एकदा नुसतं गुणगुणा. पेटी नको, काही नको.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर तात्या बसले होते. वहिनी शेजारी, लेक दुसऱ्या बाजूला, आणि वस्तीतली चार माणसं. तात्यांचा चेहरा मी आधी तसा पाहिला नव्हता. डोळे आत गेलेले, हात मांडीवर पालथे ठेवलेले. माणूस भ्याला होता. मला बघताच त्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला.

"झालं का मेजर, गाणं?" त्यांनी विचारलं. "तेवडं झालं म्हंजी मी मोकळा."

त्यांची लेक माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "झालं."

"ब्येस झालंय?"

"ब्येस झालंय, तात्या."

त्यांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले. पिशवी माझ्या मांडीवर होती, त्यातल्या टेपरेकॉर्डरची कड बोटांना लागत होती. मी थोडा वेळ बसलो, चहा प्यालो आणि निघून आलो.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की भ्यालेल्या माणसाला आणखी काय घाबरवायचं. मशीनमधून काहीतरी वाचवता येईल, असंही सांगितलं. खरं असं होतं की मला माझ्या नावाची भीती वाटली. व्हरांड्यातली ती माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती नजर बदलेल, याची. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला सगळ्यात जड जातं. तात्या माझ्या भावकीतले असते, तर मी सांगितलं असतं. कारण भावकीनं मला सोडलं नसतं. या माणसांनी मला जाब विचारला नसता, हे मला आतून माहीत होतं.

ऑपरेशन झालं. मी कित्येक दिवस त्या तडतडीतून शब्द वेचत बसलो. एका रेकॉर्डिंगमधला शब्द, दुसऱ्यातला शब्द. काही जुळलं नाही. खालून जिन्यात पाऊल वाजलं की मी मशीन बंद करायचो. फोन वाजला की आधी बायकोला उचलायला लावायचो.

मग एका दुपारी वहिनी आल्या. एकट्याच. लग्न जवळ आलं होतं, कॅसेट न्यायला आल्या होत्या. जिना चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत. तात्या जेवतात का, जखम भरली का, असं मी विचारत राहिलो. त्या म्हणाल्या, "सगळं हाय बरं. ते कॅशेटीचंच इचारत्यात. पाटीवर लिवून लिवून."

आणि मी बोललो. आधी ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, सांगायला जीभ रेटत नाही. तात्यांचा आवाज आधीच गेला होता. आपल्या कानाला कळत नव्हतं. मशीन फार बारीक धरते, तिनं तो बिघाड पकडला."

वहिनींनी मशीनकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ऐकवा."

मी ऐकवलं. ती करवतीसारखी फाटलेली हाक ऐकवली. वहिनींनी हात तोंडावर नेला. खोलीत फक्त ती तडतड होती, आणि ती थांबवायला माझा हात उठेना.

"असा झाल्ता व्हय त्येंचा आवाज?" त्या हळूच म्हणाल्या. "आमी घरात बसून ऐकत हुतो की रोज. आमाला कसं कळलं न्हाई?"

खुर्चीच्या पाठीला धरून त्या उभ्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "त्येनला ह्ये ऐकवू नगा. मी सांगते कायतरी."

काय सांगितलं ते मला माहीत नाही. लग्नाला मी गेलो नाही, ताप आलाय असा निरोप पाठवला. नंतर पेटीवाल्याकडून कळलं की पाठवणीच्या वेळी दुसऱ्या कुणी गाणं म्हणायला उभं राहायचं धाडस केलं नाही. तात्या गळ्याला पांढरं फडकं बांधून लेकीसमोर उभे राहिले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते ओठ हलवत राहिले. सगळं गाणं त्यांनी तसं म्हटलं. मांडवात कुणी हललं नाही, असं पेटीवाला म्हणाला.

त्याच सुमाराला बाजूला टाकलेली ती पहिल्या दिवशीची कॅसेट मला सापडली. मी ती लावली. तात्या बोलत होते, पेटीवाल्याला चिडवत होते, गुणगुणत होते. आवाज स्वच्छ होता. जाड, पण सुरात पक्का. गाण्याच्या पहिल्या ओळी त्यात होत्या, लेकीला मारलेली हाकही होती. ती ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी दचकून दाराला आतून कडी घातली. ही कॅसेट दिली तर त्यांना त्यांचा आवाज मिळणार होता, आणि त्याबरोबर मी खोटं बोललो हेही कळणार होतं. मी ती माळ्यावर, जुन्या वायरींच्या खोक्यात ठेवली.

पुढं वर्षभरात मी खोली बंद केली. कॉम्प्युटर विकला, त्या दोन पट्ट्या मात्र विकल्या नाहीत. कृष्णेच्या घाटावर जाऊन पाण्यात टाकल्या. कुणी बघतंय का म्हणून मागं वळून बघत होतो.

ती कॅसेट आता माझ्याकडं नाही. सुनेनं प्रश्न विचारला त्यानंतर मी ती माळ्यावरून काढली आणि तात्यांच्या लेकीकडं घेऊन गेलो. ती साताऱ्यात शिक्षिका आहे, तिचीच मुलं आता मोठी झाली आहेत. मी तिला सगळं सांगितलं, इथं लिहिलं आहे तसं. तिनं कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली की हे वाजवायला आता मशीन शोधावी लागेल. मला माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचा हक्क नव्हता. ज्यांची माफी मागायची होती, ते दोघंही तोवर गेले होते.

ते असताना त्यांच्याकडं मी एकदा गेलो होतो. खोली बंद केली त्या उन्हाळ्यात. ती कॅसेट रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. पलूसला बसमधून उतरलो आणि पुढं चालत गेलो. ऊन रणरणत होतं. दोनदा परत फिरलो.

तात्या घरासमोर कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. गळ्यात पांढरं फडकं, श्वास घेताना ते आतबाहेर व्हायचं. मला बघून उठायला गेले, मी बसवलं. वहिनी पाणी घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. तात्यांजवळ पोरांची पाटी होती, पेन्सिल सुतळीनं बांधलेली. मी खिशावर हात ठेवला आणि म्हणालो, "तात्या, मला तुम्हांला एक सांगायचंय."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पाटी मांडीवर घेतली आणि लिहायला लागले. कारखान्यातल्या माणसाचं अक्षर, मोठं आणि सावकाश. लिहून झाल्यावर पाटी माझ्याकडं फिरवली.

मेजर, माझ्या गळ्यापायी तुमची मेहनत वाया गेली. माफी असावी.

मी ते वाचलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, उत्तराची वाट बघत. फडकं आतबाहेर होत होतं. माझा हात अजून खिशावरच होता. आणि मी म्हणालो, "असू दे, तात्या."

त्यांनी मान हलवली, तळहातानं पाटी पुसली आणि वहिनींना चहा ठेवायची खूण केली.

मला म्हणायचं होतं ते असं. तात्या, तुमचा आवाज शेवटच्या दिवसापर्यंत चांगला होता. मशीन मी बिघडवली, आणि आळ तुमच्या गळ्यावर घेतला. मिरजेला त्या बाकावर वेळ होता, तेव्हा मी भ्यालो. मला माफ करा.